बॅकअप उघडेना, तेव्हा

बॅकअपसाठी डेटाबेसच्या रोजच्या डंपच्या (म्हणजे पूर्ण प्रतीच्या) फायली, प्रत्येकी साधारण 900 एमबी. फायली लहान करणारं जीझिप हे टूल पुन्हा आलेला मजकूर शोधायला फक्त मागचे 32 केबी पाहतं, त्यामुळे कालच्या डंपमधला मजकूर आज जसाच्या तसा आला तरी त्याला पत्ता नसतो. म्हणून आठवड्याच्या फायली टारमध्ये, म्हणजे एकाच फाईलमध्ये, एकत्र केल्या आणि झेडस्टँडर्ड या तशाच दुसऱ्या टूलला 'लाँग 31' हा पर्याय दिला, म्हणजे 2 जीबीपर्यंत मागे पाहायची मुभा. फाईल इतकी लहान झाली की मलाच शंका आली!

शंका भलतीकडे खरी ठरली. दुसऱ्या मशीनवर फाईल उघडेना. मेमरी जास्त लागते म्हणून तक्रार. मला वाटलं पेनड्राइव्ह गंडला. दोनदा कॉपी केली, चेकसम (प्रत तंतोतंत आहे का ते सांगणारा आकडा) जुळवला, तो अगदी जुळला. अख्खी दुपार गेली.

मग एरर नीट वाचली (आधी वाचायला काय झालं होतं?). उघडताना झेडस्टँडर्ड मुळात 128 एमबी मेमरीच्या वर जात नाही. 'डी' या उघडायच्या पर्यायासोबत तोच 'लाँग 31' दिला आणि फाईल मुकाट उघडली. मात्र 2 जीबीएवढी रॅम मोकळी हवी.

आता फाईलच्या नावातच 'लाँग31' लिहून ठेवतो.