रीलोडच्या सरावात पिस्तुलाची मॅगझिन्स कशी जपावीत

पिस्तूल नेमबाजी म्हटले की मराठी वाचकाला बहुधा २५ मीटर प्रकार आठवतो, ज्यात कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. त्या प्रकारात पाच-पाच गोळ्यांच्या फैरी असतात, आणि मॅगझिन, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणारी काडतुसांची डबी, भरणे वा बदलणे फैरींच्या मध्ये होत असल्याने मॅगझिन सहसा जमिनीवर पडत नाही. प्रॅक्टिकल शूटिंगचे तसे नाही. १९७६ साली अमेरिकेतील मिसुरी राज्यात आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन) या संघटनेची स्थापना झाली आणि हा खेळ रुजला. अमेरिकेत तो प्रामुख्याने यूएसपीएसए या तिथल्या संघटनेच्या सामन्यांतून खेळला जातो. यात नेमबाज धावता धावता रिकामे मॅगझिन खाली सोडतो आणि कमरेच्या पट्ट्यावरचे भरलेले मॅगझिन बसवतो; यालाच रीलोड म्हणतात. हे हाताला वळण लागावे म्हणून अमेरिकेतील बरेच नेमबाज घरी, गोळीविना, रीलोडचा सराव करतात, आणि मॅगझिन्सची खरी झीज तिथेच होते. दिवसाला तीस रीलोड आणि आठवड्यातून पाच दिवस असा हिशेब धरला, तर आठवड्याला दीडशे वेळा मॅगझिन जमिनीवर आदळते. एका सामन्यात ते त्या मानाने फारच थोड्या वेळा पडते.

काय बिघडते हे आधी नीट पाहावे. मॅगझिनच्या वरच्या टोकाला आत वळवलेल्या दोन कडा असतात, त्यांना लिप्स म्हणतात. स्प्रिंग खालून काडतुसांना वर रेटत असते आणि या दोन कडा सर्वांत वरचे काडतूस ठरावीक उंचीवर, ठरावीक कोनात धरून ठेवतात. त्या किंचित फाकल्या तर काडतूस जास्त वर येते आणि चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेच्या, तोंडाशी अडते, कधी दोन काडतुसे एकदमच बाहेर येऊ पाहतात. त्या आत दबल्या तर काडतूस घट्ट बसून राहते. माझ्या सुरुवातीच्या काळात मी गॅरेजच्या काँक्रीटवर एका पोलादी मॅगझिनचा महिनाभर सराव केला. डोळ्यांना त्यात काहीच दिसत नव्हते, पण सामन्यात तिसऱ्याच गोळीला काडतूस तिरपे उभे राहून अडकले. घरी येऊन व्हर्नियर कॅलिपरने मोजले तेव्हा त्याच्या लिप्समधले अंतर दुसऱ्या मॅगझिनपेक्षा जास्त भरले.

म्हणून पहिले काम जमिनीचे. व्यायामशाळेत अंथरतात तसल्या, एकमेकींत अडकणाऱ्या फोमच्या चौकटी पायाखाली आणि भोवती चार-पाच फूट पसराव्यात. त्या नसतील तर जाड सतरंजी किंवा दुमडलेली गोधडी चालते. सर्वांत सोपे म्हणजे पलंगासमोर उभे राहून मॅगझिन गादीवर पडू द्यावे. अंथरूण पुरेसे रुंद ठेवावे. पिस्तुलातून सुटलेले मॅगझिन बुडाकडून खाली येते, पण उसळून बाजूला जाते, आणि त्या दुसऱ्या उडीत लिप्सच फरशीवर आपटण्याची भीती असते.

दुसरे काम सरावाची मॅगझिन्स वेगळी काढण्याचे. सामन्याची मॅगझिन्स घरच्या सरावात वापरूच नयेत. जुनी तीन मॅगझिन्स घ्यावीत, त्यांच्या बुडाला रंगीत पट्टी चिकटवावी आणि प्रत्येकावर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक टाकावा. याचा सुरक्षिततेलाही उपयोग आहे, कारण सरावाच्या खोलीत एकही जिवंत काडतूस असता कामा नये. पिस्तूल रिकामे आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे, काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावावे, आणि मॅगझिनमध्ये काही भरायचेच असेल तर खऱ्या काडतुसापेक्षा वेगळ्या रंगाची डमी काडतुसेच भरावीत. हा नियम एक दिवसही शिथिल करू नये.

आता सरावाची पद्धत. रीलोडमधला अवघड भाग म्हणजे नवे मॅगझिन पिस्तुलाच्या मुठीच्या तोंडापर्यंत अचूक नेणे. तेव्हा बहुतांश आवर्तनांत मॅगझिन तोंडाशी नेऊन, त्याची वरची कड जेमतेम आत शिरताच थांबावे. डोळ्यांना आणि हाताला हवे ते शिक्षण यात मिळते आणि धातूवर धातू आपटत नाही. पाच-सहा वेळा असे झाल्यावर एकदा पूर्ण रीलोड करावा. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे अडकवून मॅगझिन जोराने वर ठोकण्याची सवय मात्र टाळावी. ‘१९११’ नावाच्या पिस्तुलात आणि त्याच धर्तीच्या डबल-स्टॅक, म्हणजे काडतुसे दोन रांगांत बसणाऱ्या, पिस्तुलांत मॅगझिन प्रमाणाबाहेर वर जाऊन आतल्या इजेक्टरवर, म्हणजे रिकामे काडतूस बाहेर फेकणाऱ्या भागावर, आदळू शकते, आणि मग मॅगझिनबरोबर पिस्तूलही दुरुस्तीला जाते.

भरलेले मॅगझिन पडू देऊ नये. नऊ मिलिमीटरचे एक काडतूस साधारण बारा ग्रॅमचे असते, म्हणजे सतरा काडतुसांचे वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास जाते. एवढे वजन बुडावर आदळले की आतली काडतुसे स्प्रिंग दाबून पुन्हा वर उसळतात आणि लिप्सना आतून फाकवतात. मैदानावर भरलेले मॅगझिन पडलेच, तर ते बाजूला ठेवून तपासल्याशिवाय सामन्यात वापरू नये.

महिन्यातून एकदा मॅगझिन उघडावे. डोळ्यांवर चष्मा घालावा आणि बुडाचे झाकण सरकवताना अंगठा त्यावर दाबून धरावा, कारण स्प्रिंग ताणात असते आणि सुटली तर थेट तोंडाकडे येते. स्प्रिंग कोणत्या बाजूने बसली होती ते पाहून ठेवावे. आतली नळी आणि फॉलोअर, म्हणजे काडतुसांखालचा सरकता तुकडा, कोरड्या कापडाने पुसावा. तेल सोडू नये. तेलावर धूळ बसते. लिप्सच्या मागच्या कोपऱ्यांत, पोलादी मॅगझिनच्या मागच्या जोडावर आणि प्लास्टिकच्या बुडावर केसासारखी चीर आहे का, हे उजेडात धरून बघावे. पुन्हा जोडल्यावर फॉलोअर बोटाने खाली दाबून सोडावा; तो न अडखळता वर आला पाहिजे.

लिप्समधले अंतर मॅगझिन नवे असतानाच पुढे आणि मागे अशा दोन ठिकाणी मोजून क्रमांकासमोर वहीत लिहावे, आणि दर महिन्याला त्याच दोन ठिकाणी मोजावे. आकडा सरकलेला दिसला तर पक्कडीने वाकवून जागेवर आणण्याच्या फंदात नवख्याने पडू नये, कारण वाकवलेला पत्रा पुढे तिथेच चिरू शकतो. त्या मॅगझिनला रंगीत पट्टी लावून ते सरावाच्या पेटीत टाकावे. चीर दिसली, तर मात्र ते सरावासाठीही ठेवू नये.