नावं बारा, धोका एकच: पोर्टफोलिओतल्या या चुका टाळा

दहा-बारा म्युच्युअल फंड आहेत, पंधरा-वीस शेअर आहेत, वर थोडं सोनंही आहे. तरी बाजार घसरला की सगळे आकडे एकाच दिवशी लाल होतात. दीर्घकालीन गुंतवणूक करणाऱ्यांची ही सगळ्यात नेहमीची तक्रार. त्यावर बहुतेक जण आणखी एखादा फंड विकत घेतात आणि दुखणं तिथेच राहतं.

कारण विविधीकरण, म्हणजे धोका वाटून टाकण्यासाठी पैसा वेगवेगळ्या ठिकाणी विभागणं, नावांच्या संख्येवर ठरत नाही. कोणती गुंतवणूक कशामुळे पडेल आणि ती कारणं एकमेकांपासून किती वेगळी आहेत, यावर ते ठरतं. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 साली हेच गणितात मांडलं. एखादा शेअर एकटा किती धोकादायक आहे यापेक्षा तो बाकीच्यांच्या जोडीने वर-खाली होतो का, हे महत्त्वाचं. तरीही फंड निवडताना आपण मागच्या तीन वर्षांच्या परताव्याचा तक्ता उघडतो आणि वरचे पाच उचलतो. ते पाचही वर असतात, कारण त्या काळात चाललेल्या एकाच प्रकारच्या शेअरमध्ये त्यांचा पैसा असतो. म्हणजे एकच पैज पाच वेळा लावली, आणि व्यवस्थापन खर्चही पाच ठिकाणी भरला.

हे तपासायला अर्धा तास पुरतो. प्रत्येक फंडाच्या मासिक पत्रकात त्याच्या पहिल्या दहा कंपन्या दिलेल्या असतात. त्या एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. त्याच सहा-सात कंपन्या सगळीकडे दिसल्या, तर बारापैकी आठ फंड फक्त गर्दी आहेत. मग त्याच कागदावर आणखी एक रकाना ओढा: ‘हे कशामुळे पडेल?’ व्याजदर वाढले, मंदी आली, चलन घसरलं, एक कंपनी बुडाली, एखाद्या क्षेत्राचा नियम बदलला. उत्तरं खरी लिहिली तर कुठे गर्दी झाली आहे ते लगेच दिसतं.

या कागदावर एक नोंद जवळजवळ सगळेच विसरतात, ती म्हणजे स्वतःचा पगार. ज्या क्षेत्रात नोकरी त्याच क्षेत्राचे शेअर, असं फार सहज होतं. त्या कंपन्या आपल्याला ‘समजतात’ ना! पण क्षेत्रावर संकट आलं की नोकरी आणि बचत दोन्ही एकदम डळमळतात. अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीच्या कर्मचाऱ्यांचं असंच झालं. त्यांच्या निवृत्तीच्या बचतीतला निम्म्याहून जास्त पैसा एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. ऑगस्ट 2000 मध्ये 90 डॉलरच्या आसपास असलेला तो शेअर नोव्हेंबर 2001 संपेपर्यंत एका डॉलरच्या खाली गेला आणि डिसेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पगार आणि पुंजी दोन्ही गेली. कंपनीकडून शेअर मिळत असतील तर ते विकण्याचा नियम आधीच ठरवून ठेवा. ‘भाव आणखी वाढू दे’ हा नियम नव्हे.

देशाचंही तसंच. आपल्याच देशाच्या बाजारात सगळा पैसा ठेवणं सोयीचं वाटतं, आणि बराच काळ ते चालूनही जातं. जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक डिसेंबर 1989 मध्ये 38,915 वर होता. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली ती फेब्रुवारी 2024 मध्ये. लाभांश धरले तर चित्र थोडं बरं दिसतं, पण चौतीस वर्षं म्हणजे एका माणसाची जवळजवळ अख्खी नोकरी. ‘दीर्घकाळ थांबलं की सगळं भरून येतं’ हे वाक्य ऐकलं की मला हा निर्देशांक आठवतो. थोडा भाग देशाबाहेरच्या व्यापक निर्देशांक फंडात (निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात) ठेवणं हा त्यावरचा साधा उपाय आहे. एखाद्या वर्षी तो भाग मागे पडेल, आणि तेव्हा तो विकायची इच्छाही होईल.

आता ‘सुरक्षित’ या शब्दाकडे येऊ, कारण सर्वात महागड्या चुका तिथेच होतात.

पहिला गैरसमज असा की रोखे, म्हणजे सरकारला किंवा कंपनीला व्याजाने दिलेली कर्जं, स्थिर असतात. व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत घसरते, आणि मुदत जितकी लांब तितकी घसरण मोठी. रोखे फंडाच्या माहितीत ‘ड्युरेशन’ म्हणून एक आकडा असतो. तो 7 असेल तर व्याजदर एक टक्क्याने वाढल्यावर फंडाचं मूल्य ढोबळमानाने 7 टक्के उतरतं. 2008 मध्ये अमेरिकी शेअर 37 टक्के पडले तेव्हा तिथल्या सरकारी रोख्यांनी हात दिला होता. 2022 मध्ये मात्र महागाईमुळे व्याजदर झपाट्याने वाढले आणि शेअर 18 टक्के, तर रोख्यांचा व्यापक निर्देशांक 13 टक्के पडला. दोघांच्या पडण्याचं कारण त्या वर्षी एकच होतं. म्हणून येत्या दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा लांब मुदतीच्या रोख्यांत ठेवू नका. तो अल्प मुदतीत किंवा ठेवीतच बरा.

दुसरा गैरसमज जास्त व्याजाचा. दोन ‘सुरक्षित’ योजनांपैकी एक दोन टक्के जास्त देत असेल, तर ते दोन टक्के कसल्या तरी धोक्याचे असतात: पैसे बुडण्याचे, नाहीतर अडकण्याचे. अडकण्याचा धोका लोक मोजतच नाहीत. सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकेतल्या रिझर्व्ह प्रायमरी फंडाचं एक डॉलरचं युनिट 97 सेंटवर आलं. हा फंड लोक रोख रकमेसारखा वापरत. तेव्हा बुडालेल्या लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेची कर्जपत्रं त्यात जेमतेम एक टक्क्याच्या आसपास होती. पैसे काढायला झुंबड उडाली आणि फंड गोठवला गेला. पुढे जवळजवळ सगळं मुद्दल परत मिळालं, पण ज्याला त्या आठवड्यात पैसे हवे होते त्याला त्याचा काय उपयोग?

तिसरा गैरसमज उलट टोकाचा आहे: सगळं ठेवीतच ठेवायचं. महागाई 6 टक्के राहिली तर बारा वर्षांत पैशाची खरेदीशक्ती निम्मी होते. ठेवीवर मिळणाऱ्या व्याजातून कर आणि महागाई वजा करून पाहा. हाती अनेकदा शून्याच्या खालचा आकडा येतो. मुद्दल शाबूत दिसतं म्हणून हा तोटा जाणवत नाही, एवढंच.

खर्चाबद्दल थोडक्यात. 100 वर दरसाल 8 टक्के मिळाले तर तीस वर्षांत साधारण 1,006 होतात. त्यातून दीड टक्का दरवर्षी खर्चात गेला, म्हणजे साडेसहा टक्के मिळाले, तर 661. एक तृतीयांशाहून जास्त रक्कम दुसऱ्याच्या खिशात. सल्लागाराने हे गणित मांडून दाखवलं नसेल तर स्वतः मांडा.

काही बिघाड न बघितल्यामुळे होतात. सुरुवातीला शेअर 60 आणि रोखे 40 असं ठरवलं. पुढे शेअर दुप्पट झाले, रोखे वीस टक्के वाढले. आता प्रमाण 71 आणि 29 झालं, तुम्ही काही केलं नाही तरी. यानंतर शेअर 40 टक्के पडले तर पोर्टफोलिओ 24 ऐवजी जवळपास 29 टक्के खाली जाईल. वर्षातून एक तारीख नेमा. प्रमाण ठरवल्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त सरकलं असेल तरच हात लावा. दर आठवड्याला ते जुळवत बसणाऱ्यांचा परतावा कर आणि व्यवहार खर्चात झिजतो.

निवृत्तीच्या दोन-चार वर्षं आधी मात्र जास्त काळजी हवी. पैसे काढायला सुरुवात केल्याबरोबर मोठी घसरण आली तर पडलेल्या भावात युनिट विकावे लागतात, आणि बाजार नंतर सावरला तरी विकलेली युनिटं परत येत नाहीत. तीच घसरण पंधरा वर्षांनी आली असती तर इतकी बोचली नसती. काही वर्षांचा खर्च शेअरबाहेर काढून ठेवणं हा त्यावरचा उपाय. किती वर्षांचा, ते पेन्शन किंवा इतर उत्पन्न किती यावर अवलंबून.

दुरुस्ती करताना लोक आणखी एक चूक करतात: एका रविवारी बसून सगळं विकून टाकतात. तसं करू नका. आधी दर महिन्याचा नवा पैसा चुकीच्या जागी जाणं थांबवा आणि तो कमी पडणाऱ्या भागाकडे वळवा. बऱ्याचदा वर्षा-दोन वर्षांत प्रमाण यानेच जागेवर येतं. मग एकसारखे फंड टप्प्याटप्प्याने कमी करा, प्रत्येक वेळी कर आणि लवकर बाहेर पडण्याचं शुल्क बघून. दोन ठिकाणी मात्र थांबू नका. कर्ज काढून घेतलेले शेअर असतील तर ते, आणि एका कंपनीत इतका पैसा असेल की ती बुडाल्यावर तुमची योजनाच कोलमडेल, तर त्यातला जास्तीचा भाग. हे दोन्ही या महिन्यात विका, थोडा कर पडला तरी.