घरातली दुरुस्ती एकटीने करताय? या चुका टाळा

लेक झोपली की काम काढायचं, ही माझी पहिली चूक, आणि सगळ्यात जड गेलेलीही.

स्वयंपाकघरातला नळ आठवडाभर ठिबकत होता. रात्री तिला निजवलं, सिंकखालचा कॉक बंद केला आणि पान्हा घेऊन नळाचं डोकं उघडायला बसले. ते हलेना. जोर लावला तशी आतली दांडी मोडून हातात आली. मग कळलं की सिंकखालचा कॉक नुसता फिरतो, पाणी पूर्ण अडवत नाही. बारीक धार लागली. घराचा मेन कॉक कुठे आहे हे मी तोवर कुणाला विचारलंच नव्हतं. दुकानं बंद, घरात दुसरं मोठं माणूस नाही. बादली भरली की ओतायची आणि पुन्हा खाली सारायची, असं करता करता उजाडलं.

दांडी मोडली त्याचं मला वाईट वाटत नाही, जुन्या गंजलेल्या नळांचं असं होतं. काम अर्ध्यावर अडलं तर काय करायचं हे न ठरवता मी हात घातला, ते चुकलं. दोन मोठी माणसं असलेल्या घरात एक जण फडकं दाबून धरतो आणि दुसरा धावत जाऊन पाणी बंद करतो. आपल्याकडे दोन्ही कामांना आपलेच हात, आणि नेमकं तेव्हाच मूल डोळे चोळत दारात येऊन उभं राहतं. गेल्या काही वर्षांत माझ्या हातून जे जे बिघडलं, त्यातलं बरंचसं याच एका चुकीतून बिघडलं.

काम थांबवायचं कसं हे न पाहता सुरू करणं

पहिला पान्हा विकत घेण्याआधी घराचा मेन कॉक आणि विजेचा मेन स्विच शोधा. नुसते पाहून ठेवू नका, फिरवून पाहा. वर्षानुवर्षं न हललेला कॉक ऐन वेळी जाम निघतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एकदा बंद-चालू करावा. कॉक बंद केल्यावर ज्या नळाचं काम आहे तो पूर्ण उघडून मिनिटभर थांबा. पाणी ठिबकत राहिलं तर कॉक गळका आहे, मग मागे जाऊन मेन बंद करायचा. हे एक मिनिट मी त्या रात्री दिलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. मेन बंद करताना गीझरचं बटनही बंद करा.

मूल पाच-सहा वर्षांचं झालं की मेन कॉक कुठे आहे ते त्यालाही दाखवा. माझ्या लेकीने कपाटाच्या दारावर लाल पेन्सिलने बाण काढून ठेवलाय.

वेळेचंही तेच. काम सकाळी काढा, दुकान उघडं असताना, आणि जमलं तर मूल शाळेत असताना. एखादं काम पहिल्यांदाच करत असाल तर जेवढा वेळ लागेल असं वाटतं त्याच्या तिप्पट धरा. मूल घरात असेल तर उघडी वायर, बिट लावलेलं ड्रिल, सुटे स्क्रू यांपैकी काहीही खाली ठेवून दार उघडायला जाऊ नका. टॉर्चमधला किंवा रिमोटमधला बटनासारखा छोटा सेल तर क्षणभरही नजरेआड होऊ देऊ नका. गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांत जखम करू शकतो. नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठायचं.

जोर लावून प्रश्न सुटेल असं मानणं

नळ ठिबकतो म्हणून आपण तो आणखी आवळतो. जुन्या, तीन-चार फेरे फिरणाऱ्या नळात आत रबराची चकती असते, म्हणजे वॉशर. आवळून आवळून ती चेपते, चिरते, आणि पुढे ती ज्या धातूच्या कडेवर बसते ती कडही खराब होते. मग दहा मिनिटांत झालं असतं त्या कामासाठी अख्खा नळ बदलावा लागतो. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वॉशरऐवजी सिरॅमिकच्या चकत्यांचं कार्ट्रिज असतं. ते आवळून काहीच साधत नाही, ते बदलावंच लागतं. मात्र ‘ठिबकतोय तर ठिबकू दे’ असंही करू नका. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. थेंब पाव मिलीलीटरचा धरला तर 21 लिटरांहून जास्त पाणी होतं.

नळ उघडण्याआधी सिंकच्या जाळीवर फडकं घाला, नाहीतर बारीक स्क्रू हमखास त्याच भोकातून जातो. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढा आणि निघालेले भाग काढले त्या क्रमाने कापडावर मांडा. दुकानात वर्णन करत बसू नका, जुना भागच नेऊन दाखवा. ‘साधारण एवढा’ म्हणून आणलेलं वॉशर मी तीनदा परत केलंय.

टेफ्लॉन टेप, म्हणजे जोड गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळायची पातळ पांढरी पट्टी, उलट्या दिशेने गुंडाळणं ही तर जवळजवळ सगळ्यांची चूक. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताण देऊन चार-पाच फेरे घ्यायचे. उलट गुंडाळली तर जोड फिरवताना टेप सुटून गोळा होते. आणि ज्या जोडात आधीच रबरी वॉशर आहे, म्हणजे शॉवरची किंवा कमोडशेजारची लवचीक नळी, तिथे टेप लागतच नाही. तो जोड आधी हाताने घट्ट करायचा, मग पान्ह्याने पाव फेरा. प्लास्टिकच्या नटाला याहून जोर दिला की तो चिरतो, आणि चीर बहुतेकदा तेव्हा दिसतच नाही. ती रात्री गळते.

फ्लशच्या टाकीतून पाणी सतत झिरपतंय अशी शंका असेल तर आधी काही उघडू नका. टाकीत खाण्याचा रंग टाका, पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यातल्या पाण्याला रंग आला तर टाकीच्या तळाचं रबर गेलंय.

बटन बंद म्हणजे वीज बंद, हा समज

इथे सावकाश वाचा. बाकी चुकांनी पाणी सांडतं, भिंत खराब होते. या चुकीने मूल पोरकं होतं.

भिंतीवरचं बटन बंद केल्याने दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज नाही असं त्यावरून ठरत नाही. वायरिंग करताना बटन चुकून वीज आणणाऱ्या वायरीऐवजी न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीवर, जोडलं गेलं असेल तर बटन बंद असतानाही होल्डर जिवंत राहतो. म्हणून त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला भार वाढला की आपोआप पडणारा छोटा स्विच, पाडायचा. त्यावर चिकटपट्टीने ‘काम चालू, हात लावू नका’ असं लिहून ठेवायचं आणि मुलाला सांगायचं. मग टेस्टर. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून लगेच विश्वास ठेवू नका, तो बिघडलेलाही असू शकतो. शिवाय कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभ्या असाल तर साधा टेस्टर जिवंत वायरलाही नीट पेटत नाही. आधी चालू सॉकेटवर पेटतोय ना ते पाहा, मग कामाची जागा तपासा, मग पुन्हा चालू सॉकेटवर पाहा. वायरीच्या रंगांवर तर अजिबात भरवसा नको. आधीच्या माणसाने हाताला येईल ती वायर वापरलेली असू शकते.

एमसीबी वारंवार पडतोय म्हणून त्याच्या जागी मोठ्या अँपियरचा बसवणं फार घातक. एमसीबी राखण करतो ती भिंतीतल्या वायरीची. वायर तीच ठेवून 10 अँपियरच्या जागी 20 चा बसवला तर वायर तापत जाते, तिचं आवरण वितळतं आणि एमसीबी शांत बसून राहतो. त्यापेक्षा कारण शोधा. त्या लाइनवरचं सगळं बंद करा, प्लग काढा, मग एमसीबी वर करा. काहीच चालू नसताना तो लगेच पडला तर दोष वायरिंगमध्ये आहे, इलेक्ट्रिशियन बोलवा. टिकला तर एकेक वस्तू लावत जा. जिला लावल्यावर पडतो तिच्यात दोष, नाहीतर सगळ्यांचा मिळून भार जास्त होतोय. शेजारी टेस्ट असं लिहिलेलं बटन असलेला आरसीसीबी असेल तर ते अधूनमधून दाबून पाहा, लगेच पडला पाहिजे. माणसाच्या शरीरातून वीज जमिनीकडे वाहू लागली की तोडतो तो हाच. घरात बहुधा 30 मिलीअँपियरचा असतो. दाबूनही पडत नसेल तर तो नुसता शोभेला आहे, बदलून घ्या.

छताचा पंखा हळू फिरतोय किंवा हाताने ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, तर बहुतेकदा कपॅसिटर, म्हणजे पंख्याला सुरू व्हायला जोर देणारा छोटा भाग, गेलेला असतो. त्यावर 2.5 किंवा 3.15 मायक्रोफॅरड असा आकडा छापलेला असतो. नवा त्याच आकड्याचा घ्या. जास्तीचा लावून पंखा जोरात पळवण्याच्या नादात आतली वाइंडिंग तापते. वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असू शकतो. म्हणून त्याची दोन्ही टोकं मूठ इन्सुलेटेड असलेल्या स्क्रू ड्रायव्हरच्या पात्याने एकमेकांना टेकवायची आणि मगच हात लावायचा. मायक्रोवेव्हला मात्र हा न्याय लावू नका. त्याच्या आत काही हजार व्होल्ट असतात, तो उघडूच नये.

विजेचं किंवा शिडीवरचं काम असलं की मी बहिणीला फोन करते: ‘अर्ध्या तासात माझा फोन आला नाही तर तू कर, उचलला नाही तर शेजारी कळव.’ शेजारणीकडे घराची एक किल्ली असते. यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

स्टुलावर स्टूल

खुर्चीवर स्टूल ठेवून वर चढू नका. भिंतीला टेकवायची शिडी असेल तर चार फूट उंचीमागे तळ एक फूट भिंतीपासून लांब हवा. शिडीच्या अगदी वरच्या पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. खाली धरायला मोठं माणूस नसेल तर ते काम त्या दिवशी होणार नाही. लहान मुलाला शिडी धरायला लावणं तर नकोच, हातोडी सुटली तर त्याच्याच डोक्यावर पडेल.

तुंबलेल्या सिंकमध्ये एकावर एक रसायनं ओतणं

एक पावडर चालली नाही म्हणून वर ॲसिड, तेही चाललं नाही म्हणून ब्लीच. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर ब्लीचमधून दुसरा विषारी वायू. बंद मोरीत हे जिवावर बेतू शकतं. आधी रबरी पंप वापरा. वॉशबेसिनला वरच्या बाजूला जे छोटं भोक असतं ते ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर सगळा दाब तिथून निसटतो आणि पंप कुचकामी वाटतो. पंपाने सुटलं नाही तर सिंकखालचा ट्रॅप, म्हणजे पाइपचा वाकडा भाग, हाताने फिरवून काढा, खाली बादली ठेवा. बहुतेक वेळा केसांचा आणि साबणाचा गोळा तिथेच सापडतो. आधीच रसायन ओतलेलं असेल तर मात्र पंप मारू नका आणि ट्रॅपही उघडू नका. ते पाणी डोळ्यांत उडालं तर इजा कायमची होऊ शकते.

ओलीवर रंग मारणं

पोपडे निघाले की खरवडायचे, लांबी भरायची, रंग मारायचा. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. ओल कुठून येते हे आधी ठरवा. त्या जागेवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक-दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय, कुठेतरी गळती आहे. खोलीकडच्या बाजूला दव जमलं तर ती हवेतली वाफ आहे, खिडकी उघडी ठेवा. खरवडताना आणखी एक लक्षात ठेवा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि लहान मुलांच्या मेंदूला ते बाधतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीतच नाही. जुना रंग कोरडा घासू नका, ओला करून घासा, मुलाला घरापासून लांब पाठवा आणि जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

दाराचंही थोडक्यात सांगते. दमट दिवसांत दार चौकटीला घासायला लागलं म्हणून लगेच रंधा मारू नका. लाकूड फुगलंय, हवा कोरडी झाली की आक्रसेल आणि मग फट राहील. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू पाहा. भोक मोठं होऊन स्क्रू नुसता फिरत असेल तर गोंद लावलेल्या काडेपेटीच्या काड्या भोकात ठोका, वाळू द्या, मग स्क्रू पिळा.

ड्रिल करताना स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायरी बहुधा तिथूनच जातात. टाइलवर हातोडीचा मोड बंद ठेवा आणि खुणेवर चिकटपट्टी लावा म्हणजे बिट घसरणार नाही. 6 मिलीमीटरच्या गिट्टीला, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकतात त्या प्लास्टिकच्या तुकड्याला, 6 चंच बिट.

सगळं स्वतःच केलं पाहिजे असं वाटणं

एकटीने घर चालवताना ही भावना कुठून येते हे मला चांगलं ठाऊक आहे. ‘घरी कोणी नाही का?’ हा प्रश्न पुन्हा ऐकायला नको असतो. तरीही मेन बोर्ड, एसी आणि गॅस यांना मी हात लावत नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर कोणतंही बटन चालू किंवा बंद करायचं नाही, रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, मुलाला घेऊन बाहेर पडायचं आणि फोन बाहेरूनच करायचा.

कारागीर घरी येतो तेव्हा दुसऱ्या खोलीत जाऊन बसू नका. जवळ उभ्या राहा, काय बिघडलं ते विचारा, जुना भाग मागून घ्या. काही जण वैतागतात, तरी विचारा. मला वॉशर कसं बसतं हे एका वयस्कर प्लंबरने दाखवलं. त्याने ते स्वतः बसवलं, पुन्हा काढलं, आणि पान्हा माझ्या हातात देऊन म्हणाला, ‘आता तुम्ही करा, ताई. मी उभा आहे.’