मोटर बसवायला जुनी सायकल घेताय? या चुका टाळा

जुनी सायकल दोन-अडीच हजारांत घ्यायची, तिला बॅटरी-मोटरचा किट बसवायचा आणि रोजचं ऑफिस गाठायचं, हा बेत अगदी जमण्यासारखा आहे. तो फसतो तेव्हा दोष किटला दिला जातो, पण बहुतेक वेळा चुकलेली असते ती सायकल. घेताना आपण रंग, गिअर आणि किंमत बघतो. मोटरच्या दृष्टीने महत्त्वाचं असतं ते वेगळंच: सांगाडा सरळ आहे का, एक्सल बसतो तिथे जागा किती आहे आणि ब्रेक खरोखर लागतात का.

दिखाऊ सायकलला भुलणं

जाड टायर, पुढे-मागे शॉकअप, एकवीस गिअर आणि भडक स्टिकर असलेली स्वस्त सायकल विकायला आली की गिऱ्हाईक लगेच मिळतं. मोटरसाठी ती सर्वांत वाईट निवड. मागच्या शॉकअपचे सांधे झिजून खुळखुळे होतात, मधल्या नळीवर बॅटरी बसवायला सपाट जागा उरत नाही आणि वजन भरपूर असतं. पुढच्या शॉकअपच्या चिमट्यात, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये, मोटर बसवणं तर धोक्याचंच. त्याची खालची खाच, जिच्यात चाकाचा एक्सल बसतो, ती बहुधा ओतीव हलक्या धातूची असते. ती आधी वाकून सूचना देत नाही, एकदम तुटते.

त्यापेक्षा साधा लोखंडी सांगाडा, साधा लोखंडी चिमटा आणि २६ इंची चाकं असलेली एक गिअरची सायकल घ्या. हर्क्युलस, हिरो, एव्हॉन, बीएसए, कुठलीही चालेल. हिरो-एव्हॉनचे सुटे भाग लुधियानाहून गल्लीतल्या दुकानापर्यंत पोचतात, हा फायदा मोठा आहे. ॲटलासने आपला साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला, पण म्हणून जुनी ॲटलास टाळायचं कारण नाही. तिचे छर्रे, ते बसतात ते कप, पायडलचा दांडा घट्ट धरणाऱ्या कॉटर पिना इतर भारतीय सायकलींसारख्याच मापांच्या असल्यामुळे सहज मिळतात.

सांगाडा न तपासता सौदा करणं

रंग नवा दिसला तर आधी संशय घ्या. हँडलखालचा सांधा, तिथून खाली जाणाऱ्या नळीची खालची बाजू आणि पायडलजवळचा सांधा, या तीन जागी नखाने रंग चाचपून पाहा. समोरून धडक बसलेल्या सायकलीत खालच्या नळीच्या खालच्या बाजूला, सांध्यापासून थोडं मागे, पत्र्याला बारीक लाट आलेली असते. डोळ्यांना ती दिसेलच असं नाही, पण बोटाला कळते. अशी सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नका.

मग दोरा घ्या. हँडलच्या नळीवरून तो दोन्ही बाजूंनी मागे ओढून चाकाच्या खाचांना बांधा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही दोऱ्यांचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर सांगाडा वाकलेला आहे, आणि त्यात बसवलेलं मोटरचं चाक कायम एका अंगाला ओढत राहील. या तपासणीला पाच मिनिटं लागतात. विकणारा घाई करत असेल तर त्याला थांबायला सांगा.

सीटचा दांडा वर-खाली होतो का हेही तिथेच बघा. पावसात उभ्या राहिलेल्या सायकलीत तो नळीत गंजून अडकतो आणि काढताना नळीचंच नुकसान होतं. बाकीच्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त होतात. चाकाला आउट आला असेल, म्हणजे ते फिरताना डुलत असेल, तर सायकलवाला काढून देतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवल्यावर हँडलमध्ये खट् होत असेल तर कप आणि छर्रे बदलावे लागतील. पायडलचा दांडा आडवा हलवला आणि दोन्ही बाजूंचे दांडे एकत्र हलले, तर मधला एक्सल किंवा त्याचे कप झिजले आहेत. एकाच बाजूचा दांडा हलला तर दोष कॉटर पिनचा आहे आणि तो अगदी स्वस्तात सुटतो.

चेन मोजायला पोलादी पट्टी लागते. एका पिनेच्या मध्यापासून चोवीस कड्या मोजल्या की नव्या चेनचं माप बरोबर १२ इंच भरतं. इंचाचा सोळावा भाग जास्त भरला तर चेन बदला. आठवा भाग जास्त भरला तर फ्रीव्हील (मागच्या चाकाची दातेरी चकती) सुद्धा गेलं असं समजा, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन उडते.

दुरुस्तीचा हा सगळा हिशोब घासाघीस करण्याआधी मनात जुळवा. दोन हजारांच्या सायकलला टायर-ट्यूब, चेन, फ्रीव्हील, ब्रेक आणि ओव्हरहॉलिंग मिळून तेवढाच खर्च येणार असेल, तर थोडे जास्त पैसे देऊन चालती सायकल घेतलेली बरी.

मागच्या खाचेचं माप न घेता किट मागवणं

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. मागच्या चाकाच्या मध्यभागी बसणाऱ्या हब मोटरला दोन्ही बाजूंच्या खाचांमध्ये साधारण १३५ मिलिमीटर जागा लागते. गिअरच्या सायकलीत ती असते. एक गिअरच्या सायकलीत मात्र ११० ते १२० च्या आसपासच मिळते. सांगाडा लोखंडी असेल तर अनुभवी कारागीर तो थोडा फाकवून देतो. ॲल्युमिनियमचा सांगाडा कधीही फाकवू नका, त्याला आतून तडा जातो. पुढच्या चाकासाठी १०० मिलिमीटर लागतात आणि लोखंडी चिमट्यात ते बहुधा मिळतात. त्यामुळे साध्या सायकलला पुढची मोटर सोपी पडते.

दुसरं माप खाचेच्या रुंदीचं. मोटरच्या एक्सलच्या दोन बाजू चपट्या असतात आणि तिथे त्याची जाडी १० मिलिमीटर असते. जुन्या सायकलीची पुढची खाच त्याहून अरुंद असते, म्हणून कानस मारावी लागते. कानस अगदी जपून, एकेक घास घेत मारा. खाच सैल झाली तर एक्सल तिच्यात फिरतो. मोटर चाकाला पुढे फिरवते तेवढ्याच जोराने एक्सलला उलटं फिरवू पाहते, आणि हा सगळा जोर त्या दोन चपट्या बाजूंवर येतो. छोट्या मोटरीतही तो शंभर किलोंच्या वर जातो. एक्सल फिरला की आधी मोटरची वायर पिळून तुटते, मग चाक बाहेर पडतं. एक्सल धरून ठेवणारी टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी किटवाला देत नसेल तर वेगळी घ्या आणि बसवल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नका.

‘२८ म्हणजे २८’ समजणं

जुन्या दांड्याच्या सायकलीचा टायर २८ × १½ असतो आणि त्याच्या रिमचं माप ६३५ मिलिमीटर. किटबरोबर २८ म्हणून येणारी रिम बहुधा ६२२ ची असते. जुना टायर तिच्यावर बसत नाही. २६ इंचातही हाच घोळ आहे. जाड टायरची २६ इंची रिम ५५९ ची, तर २६ × १⅜ ची ५९०. टायरच्या बाजूला ३७-५९० असा बारीक आकडा कोरलेला असतो. त्यातला दुसरा आकडा किटवाल्याला कळवा, इंच सांगूच नका.

दांड्याच्या सायकलीत आणखी एक अडचण येते. तिचे सळईचे ब्रेक रिमच्या आतल्या अंगाला खालून लागतात. रिम बदलली की ते लागत नाहीत. हौसेने ती सायकल घेतली असेल तर जुन्याच रिममध्ये मोटर विणून घ्या. स्पोक नव्या मापाचे लागतील, पण ब्रेक टिकतील.

ब्रेकचा खर्च शेवटी ठेवणं

पायडलवर आपण ताशी बारा-तेराने जातो, मोटरवर पंचवीसने. वेग दुप्पट झाला की ब्रेक मारल्यावर सायकल थांबायला अंतर चौपट लागतं. त्यात लोखंडी रिम पावसात ओली झाली की रबर नुसतं घसरत राहतं. म्हणून शक्य असेल तिथे ॲल्युमिनियमची रिम आणि व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे लांब हातांचे ब्रेक) घ्या. किटमधले मोटर बंद करणारे ब्रेक लिव्हर वायरी कमी करण्यासाठी गाळू नका. पैसे कमी पडत असतील तर छोटी बॅटरी घ्या, ब्रेकमध्ये कपात नको.

चोरीची सायकल उचलणं

सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली, मुलं मोठी झाल्याने सुटलेली सायकल हा सर्वांत चांगला माल. मालक समोर असतो आणि सायकल फारशी चाललेली नसते. जुन्या बाजारातही चांगल्या सायकली मिळतात, पण पायडलच्या सांध्याखाली किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला नंबर बघा. तो घासून काढला असेल तर निघून या. जमलं तर विकणाऱ्याकडून नंबरासह दोन ओळी लिहून घ्या.

पेट्रोल इंजिनचा मोह

लुना आठवून अनेकांना इंजिन बसवायची इच्छा होते. पण १९७२ मध्ये आलेली लुना इंजिनसाठीच घडवलेली आणि नोंदणी होणारी गाडी होती. सायकलला २५ सीसीहून मोठं पेट्रोल इंजिन जोडलं की ती कायद्याने मोटार वाहन ठरते, आणि घरी बनवलेल्या अशा गाडीची नोंदणी करून घेणं जवळपास अशक्य. विजेच्या सायकलला मात्र सूट आहे: मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. मग लायसन्स, नोंदणी काही लागत नाही. ‘२५० लिहिलेली, पण खरी ५००’ अशी मोटर कुणी देऊ केली तर ती सूट जाते, आणि जुन्या सांगाड्यावरचा ताणही वाढतो.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

चढावर मोटर अचानक बंद पडते आणि स्विच बंद-चालू केल्यावर पुन्हा सुरू होते? बॅटरी कमजोर आहे किंवा मोटरला लागणारा करंट देण्याइतकी ती मोठी नाही. ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दाखवते. त्याहून बरेच कमी दिसले तर आधी चार्जर तपासा. दुसऱ्या बॅटरीचा चार्जर लावून बघायचा प्रयोग मात्र अजिबात करू नका, आग लागू शकते.

मोटर सुरू होताना नुसती थरथरते? बहुधा मोटर आणि कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला वीज सोडणारा डबा) यांच्यामधला वायरचा जोड सैल झालेला असतो किंवा त्यात पाणी गेलेलं असतं. जोड वाळवून घट्ट करा. वायरला जोडाच्या आधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं.

स्पोक तुटू लागले तर एकेक बदलत बसू नका, सगळ्यांचा ताण एकदम तपासून घ्या. नव्या विणलेल्या चाकाचे स्पोक पहिल्या पन्नासेक किलोमीटरमध्ये बसतात आणि सैल पडतात. तेवढं अंतर झालं की सायकलवाल्याकडे जाऊन ते आवळून घ्या. एक्सलचे नट आणि टॉर्क आर्मचा बोल्ट त्याच दिवशी पान्याने तपासा.