फ्रेंच शिकायचंय? इंग्रजीला जरा बाहेर बसवा

आमच्या व्याह्यांच्या गुडघ्याला लागलं तेव्हा मी विहीणबाईंना फोनवर म्हणाले होते, ‘त्रे बियँ, मेर्सी!’ फार छान, आभारी आहे! त्या बिचाऱ्या सांगत होत्या, ‘ई से ब्लेसे ओ झनू.’ त्यातला ‘ब्लेसे’ तेवढा माझ्या कानांनी उचलला. ब्लेस म्हणजे आशीर्वाद, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ जखमी करणं. पलीकडे क्षणभर शांतता आणि मग मागून माझ्या लेकीचं फिदीफिदी हसणं.

लेक फ्रान्समध्ये ग्रनोब्लला असते, सासर तिथलंच. विहीणबाईंना इंग्रजी येत नाही आणि मला फ्रेंचचा गंध नव्हता. मी राहते डोंबिवलीला, फोर्टातल्या एका ऑफिसात हिशेब लिहिते, वय तेव्हा ५१. क्लासला जायला वेळ कुठून आणायचा? म्हणून घरीच सुरुवात केली. आता पावणेदोन वर्षं झाली. त्यात जे चुकलं आणि जे जमलं ते सांगते, म्हणजे तुमचे निदान पहिले तीन महिने वाया जायचे नाहीत. माझे गेले, कारण मी इंग्रजीतून फ्रेंच शिकत होते.

पहिले पंधरा दिवस फक्त कान आणि तोंड

व्याकरणाचं पुस्तक आणलं असेल तर पंधरा दिवस कपाटात ठेवा. आधी उच्चार. इथे आपण मराठी माणसं नशीबवान आहोत, फक्त आपल्याला ते कोणी सांगत नाही. फ्रेंचमधले त आणि द हे आपले दातांवरचे त आणि द आहेत. इंग्रजी शिकताना आपण जो ट-ड उचलला तो इथे विसरायचा. ‘ताब्ल’ म्हणा, ‘टाब्ल’ नको. प आणि क सुद्धा आपलेच, इंग्रज लोक त्यात हवा सोडतात तशी सोडायची नाही.

नाकातले स्वर म्हणजे फ्रेंचचा हौवा. माझी आजी रत्नागिरीकडची, तिच्या ‘नाहीं’ आणि ‘केलें’मधला अनुस्वार खरोखर नाकात वाजायचा. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो कागदावरून काढला, आजीच्या तोंडातून नाही. तसाच फ्रेंच ‘बों’ काढायचा. गफलत एवढीच होते की आपण शेवटी ‘न्’ किंवा ‘म्’ जोडतो. जीभ टाळूला लागली की शब्द बदलला: ‘बों’ म्हणजे चांगला, ‘बोन’ म्हणजे चांगली. रोज सकाळी दहा वेळा म्हणा: ‘अँ बों वँ ब्लां’. एक चांगली पांढरी वाइन. चारही नाकातले स्वर त्यात येतात. आमच्याकडे कोणी पीत नाही, पण वाक्य पाठ आहे.

खरा त्रास देणारा स्वर वेगळाच. आपल्या ‘तू’ला ते ‘त्यू’ म्हणतात, त्या शब्दातला. आरशासमोर उभं राहून ‘ई’ म्हणा, जीभ आहे तिथेच ठेवा आणि ओठ मात्र फुंकर घालताना करतो तसे गोल करा. जो विचित्र आवाज निघेल तो बरोबर. हे का महत्त्वाचं ते ऐका. विहीणबाईंनी फोनवर तार्त तातँची कृती सांगितली. हा सफरचंदाचा गोड पदार्थ उलटा भाजतात, साखरेत परतलेल्या फोडी तळाला, वर पिठाची पोळी, आणि भाजून झाला की ताटलीत पालथा घालायचा. वर म्हणजे ‘दसू’, त्यात हा गोल ओठांचा ई. खाली म्हणजे ‘दसू’, त्यात आपला साधा ऊ. देवनागरीत दोन्ही एकसारखेच दिसतात, बघा! मी पोळी तळाला घातली. पालथं घातल्यावर फोडी आणि पाक ओट्यावरून थेट जमिनीवर. त्या दिवसापासून मी वहीत उच्चार देवनागरीत लिहिणं बंद केलं. पहिल्या महिन्यापुरती ती काठी ठीक आहे, नंतर टाकून द्या.

र घशातून, गुळण्या करताना येतो तसा. नाही जमला तर आपला मराठी र वापरा, समजतो त्यांना. यावर दिवस घालवू नका.

वही कशी लिहायची

दोनशे पानी वही, निळं आणि लाल पेन. पुल्लिंगी शब्द निळ्याने, स्त्रीलिंगी लालने. आणि शब्द कधीच एकटा लिहायचा नाही, त्याचं लिंग दाखवणारा ‘ल’ (पुल्लिंगी) किंवा ‘ला’ (स्त्रीलिंगी) आधी लावूनच. खुर्ची त्यांच्याकडेही स्त्रीलिंगी, ‘ला शेझ’. पण भिंत पुल्लिंगी, ‘ल म्यूर’. चंद्र बाई आहे, ‘ला ल्यून’. घर आणि पुस्तक आपल्याकडे नपुंसकलिंगी, त्यांच्याकडे तिसरं लिंगच नाही, म्हणून घर गेलं लालमध्ये आणि पुस्तक निळ्यात. का, ते विचारू नका. इंग्रजीतून शिकणारे इथे डोकं धरून बसतात. आपण तर ‘तो पंखा, ती खिडकी, ते दार’ करतच मोठे झालो.

शब्दांच्या शेपटीवरून थोडा अंदाज येतो. ‘स्यों’, ‘ते’, ‘एत’ अशा शेवटाचे शब्द बहुतेक लाल, ‘आझ’ आणि ‘मां’ शेवटाचे बहुतेक निळे. ‘प्लाझ’ म्हणजे समुद्रकिनारा, तो मात्र लाल. अपवाद सापडला की मी त्याला चौकट करते.

विशेषणांसाठी माझी एक युक्ती आहे, कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. स्त्रीलिंगी रूप आधी पाठ करा. ‘पतीत’ म्हणजे लहान, ‘ग्रांद’ म्हणजे मोठी, ‘वेर्त’ म्हणजे हिरवी. त्यांचं शेवटचं व्यंजन गिळलं की पुल्लिंगी तयार: पती, ग्रां, वेर. उलट्या बाजूने गेलात तर गिळलेलं अक्षर कुठलं होतं ते शोधत बसावं लागतं.

क्रियापदं सुरुवातीला चारच: असणं, जवळ असणं, जाणं, करणं. फ्रेंचमध्ये एत्र, आव्वार, आले, फेर. ही चार वर्तमानकाळात झोपेत विचारली तरी यायला हवीत. कारण पहिल्या दोघांच्या मदतीने भूतकाळ होतो आणि ‘जाणं’च्या मदतीने भविष्यकाळ. तेवढ्या भांडवलावर मी सहा महिने काढले.

आता जे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच हसले होते ते सांगते. फ्रेंच पुस्तकं एका नियमाबद्दल फार दम देतात: कर्म क्रियापदाच्या आधी आलं तर भूतकाळाचं रूप कर्माप्रमाणे बदलतं. ‘मी चिठ्ठी लिहिली’ याला ते ‘झे एक्री युन लेत्र’ म्हणतात, त्यात काही बदल नाही. पण ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणायचं झालं की ‘ला लेत्र क झे एक्रीत’. तो शेवटचा त चिठ्ठीमुळे आला, ती स्त्रीलिंगी म्हणून. नियम इंग्रजीत चार वेळा वाचला, डोक्यावरून गेला. मग मराठीत बघितलं. मी पत्र लिहिलं, मी चिठ्ठी लिहिली, मी लेख लिहिला. अहो, आपण तर हे कर्म कुठेही असलं तरी करतो! आपल्याला फक्त कुठे थांबायचं तेवढं शिकायचं आहे.

‘त्यू म मांक’चंही तसंच. इंग्रजीतून आलेल्याला हे उलटं वाटतं. शब्दाला शब्द ठेवला तर ‘तू मला उणा आहेस’ असं काहीतरी होतं, आणि आपण लेकीला म्हणतो ‘तू मला आठवतेस’. घडण तीच. तू कर्ता, मला चौथ्या विभक्तीत.

आणि तू-तुम्ही. ‘त्यू’ आणि ‘वू’ कधी वापरायचं हे मराठी माणसाला समजावायची गरज नाही. सहा महिन्यांनी विहीणबाई म्हणाल्या, आता आपण ‘त्यू’ म्हणू या. त्यांच्याकडे हे जवळिकीचं निमंत्रण असतं. पण विहिणीला अगं-तुगं? माझी जीभच वळेना. त्या मला त्यू म्हणतात, मी त्यांना वू म्हणते, दोघींचं बरं चाललंय.

रोजचं वेळापत्रक

सकाळी २५ मिनिटं, चहा गाळल्यावर, कुकर लावायच्या आधी. नवं जे काही असेल ते याच वेळात: आठ शब्द, पाच वाक्यं. वाक्यं स्वतःच्या घरातली. ‘पॅरिसचा मनोरा उंच आहे’ हे मला आयुष्यात कधी म्हणायचं नाहीये. ‘आज पाणी उशिरा आलं’ हे रोज म्हणायचं असतं.

लोकलमध्ये फक्त ऐकणं. रेडिओ फ्रान्स अँतरनास्योनालचं ‘झुर्नाल आं फ्रांसे फासील’ हे सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र आहे, फुकट, आणि त्याचा मजकूरही वाचायला मिळतो. अगदी नवख्याला ते जड जातं. पहिले चार महिने टीव्ही५मोंद या फ्रेंच वाहिनीचे ए१, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीचे, छोटे व्हिडिओ आणि त्याखालचे प्रश्न बरे, तेही फुकटच. बातमीपत्र मी पाचव्या महिन्यात धरलं. एकच भाग आठवडाभर, नवा भाग सोमवारी. पहिल्या दिवशी देशांची नावं तेवढी कळतात. शनिवारपर्यंत निम्मं कळतं. बायकांच्या डब्यात फोर्थ सीटवर बसून ओढणीआड पुटपुटायला पहिल्यांदा लाज वाटली. शेजारची मेथी निवडत होती, तिला वाटलं मी जप करतेय. वाटू दे.

रात्री दहा मिनिटं उजळणी. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापून मी चिठ्ठ्या केल्यात, पुढे मराठी, मागे फ्रेंच. आजची चिठ्ठी उद्या, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या, एकविसाव्या दिवशी. तारीख कोपऱ्यात पेन्सिलने. अडलेली चिठ्ठी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

रविवारी श्रुतलेखन. पाच वाक्यं ऐकून लिहायची आणि मजकुराशी ताडून बघायची. ‘पार्ल’ ऐकू येतं तेव्हा मी बोलते, तू बोलतेस, तो बोलतो, ते बोलतात, यातलं काहीही असू शकतं. कानाला सारखं, लिहिताना शेपट्या वेगळ्या. चुका लाल शाईने मोजा, मग लाज आपोआप कमी होते.

गणपतीत आणि मार्च एंडला माझं सगळं बारगळतं. तेव्हा मी नवं काही घेत नाही, भांडी घासताना पाच मिनिटं ऐकते. राहिलेले दिवस भरून काढायचा नाद करू नका. मी एकदा नऊ दिवसांचं एका रविवारी करायला बसले आणि पुढचे दहा दिवस वहीकडे बघावंसं वाटलं नाही.

आकडे आणि परीक्षा

फ्रेंच आकड्यांना सगळे नावं ठेवतात. ७५ म्हणजे साठ-पंधरा, ८० म्हणजे चार-वीस, ९७ म्हणजे चार-वीस-दहा-सात. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर आणि नव्वदला सुटसुटीत शब्द आहेत, फ्रान्समध्ये असं चालतं. पण एकोणसाठ, पंचाहत्तर, सत्त्याण्णव असे शंभर वेगवेगळे शब्द पाठ केलेल्यांनी तक्रार करू नये. शिवाय आजी नारळ विसावर मोजायची, ‘चार विसा आणि दहा’. तिला एका दिवसात आलं असतं. सराव रस्त्यावर करा: गाडीच्या नंबरप्लेटवरचे चार आकडे दोन-दोनच्या जोडीने म्हणायचे. फ्रान्समध्ये फोन नंबर असाच सांगतात, दहा आकड्यांच्या पाच जोड्या.

वर्षभराने मी डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्राची ए१ परीक्षा दिली. गरज नव्हती, पण तारीख ठरली की वही उघडली जाते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ गुण. पास व्हायला एकूण ५० लागतात आणि प्रत्येक भागात किमान ५. मला ७१ मिळाले, ऐकण्यात सगळ्यात कमी. प्रमाणपत्राला मुदत नसते. मुंबई-पुण्यात आलियांस फ्रांसेजमध्ये ही परीक्षा होते.

बोलण्याचे तीन भाग. आधी स्वतःबद्दलचे प्रश्न. मग शब्दांच्या चिठ्ठ्या उचलून त्यावरून आपण परीक्षकांना प्रश्न विचारायचे. शेवटी खोटी खोटी खरेदी, त्यासाठी खोटे युरोही देतात. मी पाव घेतला. परीक्षकबाई भराभर म्हणाल्या, ‘कात्र-वँ-दि सांतीम’. चार विसा आणि दहा. मी पन्नास सेंटचं एक नाणं आणि वीसची दोन टेबलावर ठेवली.