बोन्साय वाळतंय? काळी माती, बोअरचं पाणी आणि उन्हाळ्यातल्या या चुका टाळा

मराठवाड्यात बोन्साय वाळलं तर त्यात कात्रीचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा माती किंवा पाणी चुकलेलं असतं. नवखा माणूस फांद्या आणि त्यांना वळण द्यायला गुंडाळलेल्या तारांमध्ये रमतो, कुंडीत मुळांचं काय चाललंय ते बघायचं राहून जातं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेतातली काळी माती. कापूस, तूर जिच्यात जोमानं येते ती माती झाडाला का चालू नये, असं वाटणं साहजिक आहे. पण काळी माती भिजली की फुगते आणि उथळ कुंडीत मुळांना हवाच मिळत नाही. वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मधला मुळांचा गोळा कोरडाच राहतो. रोज पाणी घालूनही झाड वाळतं ते यामुळे. असं झालं असेल तर कुंडी काठापर्यंत पाण्याच्या टबात ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. कायमचा उपाय मात्र मिश्रण बदलणं हाच. विटांचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे, जाड वाळू आणि थोडं पूर्ण कुजलेलं शेणखत घ्या. विटेचा चुरा आणि वाळू चाळून धूळ काढून टाकाच, नाहीतर तीच धूळ पुन्हा चिखल करते.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे बऱ्याच बोअरचं पाणी जड असतं. कुंडीच्या काठावर पांढरा थर आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या, तर क्षार साचलेत असं समजा. पाणीटंचाईत आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी झाडांना घालण्याचा मोह होतो. बोन्सायला ते घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात. एसीतून ठिबकणारं पाणी चालतं, पावसाचं तर सर्वांत उत्तम. अधूनमधून तळाच्या भोकांतून भरपूर वाहून जाईल इतकं गोडं पाणी द्या.

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांवर जातो आणि गच्चीची फरशी त्याहून तापते. कुंडी थेट फरशीवर न ठेवता विटांवर किंवा फळीवर ठेवा, वर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा. उन्हाच्या भीतीनं झाड कायमचं बैठकीत आणून ठेवणं हीसुद्धा चूकच. उजेड कमी झाला की पिंपरणसारखं वडवर्गातलं झाड पानं गाळतं.

नर्सरीत जुनिपर हे थंड प्रदेशातलं सूचिपर्णी झाड फार देखणं दिसतं, पण त्याला हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते. सुरुवात वड, पिंपरण, चिंच, बोगनवेल किंवा जाड, मांसल पानांच्या जेडनं करा. वडाची रोपं तर जुन्या वाड्याच्या भिंतीतही उगवलेली सापडतात.

वडवर्गातल्या झाडांची कुंडी बदलायला पावसाच्या सरी स्थिरावल्यानंतरचा काळ बरा. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त मुळं कापू नका आणि नवी वाढ दिसेपर्यंत खत देऊ नका. तार मात्र पावसाळ्यात दर आठवड्याला बघा. खोड भराभर जाड होतं, सालीत रुतलेल्या तारेचा वण वर्षानुवर्षं जात नाही. तार उलगडत बसू नका, तुकडे करून काढा.

सगळी पानं गळली तरी झाड लगेच फेकू नका. नखानं साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर झाड सावलीत हलवा. पानं नसताना पाणी कमी लागतं, म्हणून बोट खुपसून माती कोरडी लागेल तेव्हाच पाणी द्या. आत तपकिरी लागलं तर खाली बुंध्याजवळ पुन्हा बघा, वरचा भाग मेला तरी कधीकधी तिथून फुटवा येतो.