प्लाय कापण्याआधी: पुस्तकांचे कपाट स्केचअपमध्ये कसे आखावे

आठ बाय चारचा 18 मिमी प्लाय एकदा चुकीचा कापला गेला की तो सांधता येत नाही. संगणकावरची फळी मात्र दहा वेळा कापता येते. हा फायदा हवा असेल तर मॉडेल नुसते दिसायला छान असून चालत नाही. प्रत्येक फळी तिच्या खऱ्या जाडीने आणि खऱ्या जोडासह काढावी लागते, तरच त्यातून निघालेली मापे कापायला देता येतात. इथे उदाहरण म्हणून दारे नसलेले, भिंतीला लागून उभे राहणारे पुस्तकांचे कपाट घेतले आहे: उंची 1800 मिमी, खोली 300 मिमी. रुंदी 800 धरून सुरुवात करू. ती पुढे बदलणार आहे, आणि का बदलणार हेच यात शिकण्यासारखे आहे.

सॉफ्टवेअर कोणते

घरच्या कामाला स्केचअप सोपे पडते. 2012 पासून ते ट्रिम्बल कंपनीकडे आहे आणि त्याची मोफत आवृत्ती ब्राउझरमध्ये चालते. ती फक्त वैयक्तिक वापरासाठी आहे आणि तिला एक्स्टेन्शन जोडता येत नाहीत, पण दहा-बारा तुकड्यांच्या कपाटाला काही अडत नाही. फ्रीकॅड पूर्ण मोफत आहे, इंटरनेटशिवाय चालते. त्यात प्लायची जाडी एका तक्त्यात लिहून ठेवली आणि सगळी मापे तिच्यावर बेतली, तर एक आकडा बदलताच कपाट बदलते. मात्र ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. पहिलेच काम असेल तर स्केचअप घ्या.

आधी टेप, मग माउस

जिथे कपाट बसणार तिथली रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत लहान आकडा धरा. भिंती ओळंब्यात असतीलच असे नाही. स्कर्टिंगची फरशी भिंतीपासून किती पुढे येते आणि किती उंच आहे ते टिपा. साधारण 10-12 मिमी पुढे आणि 75 ते 100 मिमी उंच असते. हे विसरले की कपाट वर भिंतीपासून बोटभर सुटते. स्विचबोर्ड, खिडकीची चौकट, दार किती उघडते, हेही लिहा.

उंच कपाटाची आणखी एक फसगत असते. ते आडवे जोडून मग उभे करायचे, म्हणजे छताला उंची नव्हे, कर्ण आडवा येतो. 1800 उंच आणि 300 खोल कपाटाचा कर्ण साधारण 1825 होतो, तिथे काळजी नाही. पण 2400 बाय 600 च्या वॉर्डरोबचा कर्ण 2474 आहे. छत 2450 वर असेल तर तो जमिनीवर पडूनच राहील.

जाडीचा आकडा

दुकानात 18 मिमी म्हणून मिळालेला प्लाय व्हर्नियर कॅलिपरने मोजला तर बऱ्याचदा अर्धा मिमी कमी भरतो. समजा 17.4 निघाला. या कपाटात एकावर एक सहा आडव्या फळ्या येतात, म्हणजे 3.6 मिमीचा फरक नुसत्या उंचीत साठतो. फळीसाठी साइडला 18 ची खाच मारली असेल तर ती ढिली पडते. उलट बाजूने, दोन्हीकडे सनमायका लावायचा असेल तर 18 चा प्लाय साधारण 20 होतो. मॉडेलमध्ये 18 आणि प्रत्यक्षात 20 असले तर 800 चे कपाट 804 होते, आणि 800 च्या कोनाड्यात ते जात नाही. म्हणून प्लाय आधी आणा किंवा निदान दुकानात जाऊन मोजा, आणि सनमायकासह तयार जाडी मॉडेलमध्ये घाला. पुढचे आकडे पूर्ण 18 धरून दिले आहेत. तुमच्या जाडीने ते बदलून घ्या.

स्केचअपमध्ये मांडणी

1. मिलिमीटरचे टेम्प्लेट निवडा. युनिट्सच्या सेटिंगमध्ये अचूकता 0.1 मिमीवर आणा आणि लेंग्थ स्नॅपिंग (मापे ठरावीक टप्प्यांवर ओढणारी सोय) बंद करा. अचूकता पूर्ण मिलिमीटरवर ठेवली तर 17.4 चा आकडा पुढे लाटेची खूण लावून 17 असा दिसतो आणि आपण तो खरा मानून बसतो.

2. साइड काढा. ‘आर’ कळीने आयत घ्या, 294,18 टाइप करून एंटर द्या, मग ‘पी’ कळीच्या पुश-पुलने 1800 वर उचला. आयत आडवा आला तर दुसरे काही न करता लगेच 18,294 टाइप करा, तो सुधारतो. खोली 300 ऐवजी 294 घेतली, कारण मागे 6 मिमीचा प्लाय लागणार आहे.

3. लगेच त्या फळीवर तीनदा क्लिक करून ‘जी’ दाबा, तिचा कंपोनंट करा आणि नाव द्या: ‘साइड’. ही पायरी टाळू नका. स्केचअपमध्ये सुटे पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात. कंपोनंट न करता दुसरी फळी टेकवली की दोन्ही एकजीव होतात आणि पुढे एक हलवताना दुसरी वाकडी होते. नवशिक्याची निम्मी मॉडेल्स इथेच बिघडतात.

4. ‘एम’ घेऊन कंट्रोल दाबून दुसरी साइड काढा आणि फ्लिपने आरशातल्यासारखी उलटवा. स्कर्टिंगसाठी साइडच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात 100 उंच आणि 15 खोल खाच कापा. एका साइडमध्ये कापली की दुसरीत आपोआप येते.

5. तळ आणि माथा दोन साइडच्या मध्ये येतात. रुंदी 800 असेल तर त्यांची लांबी 800 वजा 36, म्हणजे 764. तळाची फळी जमिनीपासून 100 वर ठेवा, म्हणजे ती स्कर्टिंगच्या खाचेच्या वर राहते. तिची प्रत 1682 वर नेली की माथा तयार.

6. मधल्या चार फळ्या 294 ऐवजी 276 खोल काढा, कारण त्यांच्या पुढच्या कडेला 40 उंचीची लिपिंग पट्टी लागणार आहे. फळ्यांचे तळ 468, 816, 1164 आणि 1423 वर ठेवा. त्यामुळे कप्पे खालून 350, 330, 330, 241 आणि 241 मिळतात. पट्टी वरून समतल लावली की खाली 22 लोंबते. म्हणजे 330 च्या कप्प्याचे तोंड 308 उरते. ए-फोर आकाराच्या वहीला 297 लागतात, ती जाते. 241 च्या कप्प्यात डेमी आकाराची (नेहमीच्या कादंबरीएवढी) पुस्तके बसतात.

चारही फळ्या एकाच कंपोनंटच्या प्रती असल्यामुळे एकीची लांबी बदलली की सगळ्यांची बदलते. एखादीच वेगळी हवी असेल तर आधी ‘मेक युनिक’ करा. लांबी बदलायला स्केल हे साधन मात्र वापरू नका. त्याने खाच आणि भोकेही ताणली जातात. कंपोनंटच्या आत जाऊन टोकाचा पृष्ठभाग पुश-पुलने सरकवा.

शेवटी एक्स-रे दृश्य लावून बघा. एक फळी दुसरीच्या पोटात घुसलेली असेल तर ती तिथेच दिसते.

कटिंगचा नकाशा, आणि रुंदी का बदलली

प्लायची शीट 2440 बाय 1220 मिमीची असते. करवतीचे पाते प्रत्येक कापाला साधारण 3 मिमी खाते. 294 च्या चार पट्ट्या आणि तीन काप मिळून 1185 होतात, 35 उरतात. खोली 310 केली असती तर पट्ट्या 304 च्या झाल्या असत्या: चार पट्ट्या 1216, अधिक 9, म्हणजे 1225. पाच मिमीने चौथी पट्टी गेली. कागदावर पात्याची जाडी न धरता हिशेब केला तर ती बसते, दुकानात बसत नाही.

आता 800 रुंदीचा हिशेब. दोन पट्ट्यांतून साइड निघतात आणि प्रत्येकी 637 चा तुकडा उरतो. उरलेल्या दोन पट्ट्यांतून 764 च्या तीन-तीन फळ्या निघतात. पण तळाखालची जागा समोरून झाकणारी 764 बाय 100 ची पट्टी आणि लिपिंग कशातूनच निघत नाहीत. तेवढ्यासाठी दुसरी शीट घ्यावी लागेल.

रुंदी 660 करा, म्हणजे सुताराच्या भाषेत 26 इंच. आतली लांबी 624 होते आणि ती 637 च्या तुकड्यात मावते. एकाच तुकड्यातून 100 ची पट्टी आणि 40 च्या चार लिपिंग पट्ट्या निघतात (कापांसह 272), दुसरा तुकडा अख्खा उरतो. त्यातून पाचवी फळीही होईल. फायदा नुसत्या शीटचा नाही. सारख्याच दाटीने पुस्तके भरली तर फळीचा झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो: लांबी दुप्पट, तर झोळ सोळापट. 764 ची 624 केल्यावर तो निम्म्याहून कमी होतो. भिंत मोठी असेल तर एक रुंद कपाट करण्यापेक्षा दोन अरुंद शेजारी ठेवणे शहाणपणाचे.

हा नकाशा हाताने काढता येतो, किंवा कटलिस्ट ऑप्टिमायझरसारख्या ऑनलाइन साधनात तुकडे भरून मिळतो. स्केचअपची डेस्कटॉप आवृत्ती असेल तर ओपनकटलिस्ट हे मोफत एक्स्टेन्शन मॉडेलमधूनच यादी काढते. दोन गोष्टी तपासा: पात्याची जाडी भरली आहे ना, आणि तुकडे फिरवण्याची मुभा बंद आहे ना. मुभा दिली तर साधन जागा वाचवायला फळी आडवी टाकते, वरच्या थराचे रेषे फळीच्या रुंदीत येतात आणि ती लवकर वाकते.

18 मिमीची यादी अशी: साइड 1800 × 294, दोन, तळ-माथा 624 × 294, दोन, फळ्या 624 × 276, चार, खालची पट्टी 624 × 100, एक, लिपिंग 624 × 40, चार. मागचा 6 मिमी प्लाय 660 × 1700, एक.

कापायला देताना

दृश्य पॅरलल प्रोजेक्शनवर (ज्यात लांबचे भाग लहान दिसत नाहीत) नेऊन समोरून आणि बाजूने अशी दोन चित्रे मापांसह छापा, सोबत कटिंगचा नकाशा. सुताराकडे देणार असाल तर इंच आणि सूतही लिहा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), पण कापायला मिलिमीटरच धरायला सांगा. शक्य असेल तर पॅनेल सॉवर कापून घ्या आणि सारख्या लांबीचे सगळे तुकडे मशीनचे माप न हलवता एकदमच कापायला सांगा. अर्ध्या मिमीने चुकले तरी सगळे सारखे चुकतात आणि कपाट गुण्यात (काटकोनात) राहते. प्रत्येक तुकड्यावर मॉडेलमधलेच नाव लिहा.

मागचा प्लाय मात्र सांगाडा जुळल्यावरच कापा. दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले की तो ठोका, कारण काटकोन पक्का धरून ठेवण्याचे काम त्याचेच. स्क्रू 8 नंबरचे 50 मिमी चालतील, पण आधी 3 मिमीचे भोक पाडा. नाहीतर कडेत प्लायचे थर फाटतात. आणि माथ्याजवळ दोन एल-क्लॅम्पने कपाट भिंतीला बांधा. 300 खोल आणि 1800 उंच कपाटावर लहान मूल चढले तर ते पुढे कलंडते.